शिजवलेलं मातीत घालू नका

बायको गेल्यावर माझी भूक गेली. लोक म्हणाले, दुःखात होतं असं, हळूहळू येते जाग्यावर. माझी आली नाही. घास तोंडात नुसता फिरत राहायचा आणि गिळला की छातीपाशी अडकून बसायचा.

गंमत अशी की आमच्या घरात पोटाचं दुखणं तिचं होतं. मी दगड खाल्ला तरी पचवायचो. तिला काहीच मानवायचं नाही. जेवली की पोट फुगायचं, कोठा साफ व्हायचा नाही, मग भिंतीला पाठ टेकून गप्प बसायची. औषधं करून झाली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पालेभाजी खा, ताजी खा, रोज थोडी खा. बाजारातली भाजी आमच्या घरी पोचेपर्यंत तिने मान टाकलेली असायची. तेव्हा ही म्हणाली, "आपणच लावू."

"कुठे? माझ्या डोक्यावर?"

"तिथे आता काही उगवायचं नाही," ती म्हणाली. "गॅलरीत लावू."

आमची गॅलरी म्हणजे एक जण उभा राहिला तर दुसऱ्याला आत यावं लागतं. कुंड्यांचं ओझं झेपलं नसतं. मी शिंपी आहे, म्हणून मी जाड ताडपत्रीच्या लांबट पिशव्या शिवून दिल्या, खाली पाणी जायला भोकं, भोकांना धातूच्या रिंगा. काही कठड्याच्या आतून टांगल्या, काही खाली ठेवल्या. पालक, मुळा, कांद्याची पात, पुदिना. रोज सकाळी ती माझी जुनी कात्री घेऊन जायची आणि त्या दिवसापुरती बाहेरची पानं कापायची, आतला कोंब तसाच ठेवायची. देठं-सालं फेकायची नाही, बारीक करून त्याच मातीत पुरायची.

तिचं पोट खरंच सुधारलं. "अहो, आज दोन्ही वेळा जेवले आणि काही झालं नाही," असं ती सांगायची, लॉटरी लागल्यासारखी. मग एका दुपारी कपडे वाळत घालताना तिचं हृदय बंद पडलं. पोट शेवटपर्यंत उत्तम होतं.

दिवसकार्य उरकून लेक परत गेली होती. ती दुसऱ्या गावी नर्स आहे. पुन्हा आली तेव्हा तिने दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाबा, घरातला आरसा फुटलाय का?"

"का गं?"

"हँगरला शर्ट अडकवल्यासारखे दिसताय. चला माझ्याकडे. आजच."

"आणि यांना पाणी कोण घालणार?"

"कोणाला?"

मी गॅलरीकडे बोट केलं. तिचे डोळे भरले आणि त्याच दमात ती चिडली. "पालकाच्या जुडीसाठी तुम्ही उपाशी मरणार?"

तिला कसं सांगायचं मला कळेना. ती माती बायकोने स्वतःच्या हाताने कालवली होती. तिच्या साड्या होत्या, चष्मा होता, पण त्या वस्तू जशाच्या तशा पडून होत्या. तिच्या हातचं अजून वाढत होतं ते एवढंच. मी सकाळी तिच्यासारखं पाणी घालायचो आणि तेवढा वेळ बरं वाटायचं. बाकीचा दिवस नुसता ढकलायचा.

बरीच हुज्जत झाली. शेवटी लेक म्हणाली, "मी रजा टाकून इथे राहते. माझ्या हातचं नीट जेवून दाखवा, अंगावर जरा मांस दिसू दे. मग मी एकटी जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर खोली सोडायची. कबूल?"

"कबूल."

पहिल्या जेवणाला तिने भात, पालेभाजी आणि उकडलेलं अंडं वाढलं. तिची नजर माझ्या हातावर. मी जेमतेम घास गिळला आणि बाकीचं ताट उचललं.

"कुठे निघालात?"

"गॅलरीत बसून खातो. तिच्याजवळ."

तिने वाटेतले पाय बाजूला घेतले. या वाक्यापुढे कोण काय बोलणार? मी गॅलरीत स्टूल टाकलं, दाराकडे पाठ केली आणि ताटातलं सगळं खुरप्याने पालकाच्या मुळाशी पुरलं. मनाला समजावलं की तीही पुरायचीच की.

मग रोज तेच. आज मुळ्याच्या पिशवीत, उद्या पातीच्या. भात, तेलातली भाजी, लोणी लावलेला पाव. ताट घेऊन आत गेलो की लेक म्हणायची, "वा, पुसून खाल्लंय नुसतं!" आतल्या खोलीत जाऊन ती जावयांना फोनवर सांगायची, "बाबा जेवायला लागले हो. आईजवळ बसले की जेवतात." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तिला जाऊ द्यायचं, मग हवं तर उपाशी राहायचं, माती तरी जवळ राहील, एवढाच माझा हिशेब होता.

पँट कमरेतून घसरायला लागली तेव्हा ती अंघोळीला गेलेली बघून मी मशीनवर बसलो आणि कंबर आत घेतली. सगळ्या पँटी तशा केल्या. जन्मभर लोकांची सुटलेली पोटं झाकली, आता स्वतःचं खपाटीला गेलेलं झाकायचं होतं. "बघ, पँट कशी बसते," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि सुटकेसला हात घातला.

त्याच सुमारास पालकाच्या कडा करपायला लागल्या, गरम इस्त्री लागल्यासारख्या. पात पिवळी पडून आडवी झाली. मुंग्या आल्या. मला वाटलं ऊन लागलं असेल. मी पाणी वाढवलं. तरी माना पडतच होत्या, म्हणून आणखी वाढवलं. मातीला वास यायला लागला तेव्हा मी गॅलरीचं दार लावून घ्यायला लागलो.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी हातात चादर घेऊनच वर आल्या.

"मास्तर, हे काय गळतंय तुमच्याकडून? पाणी म्हणावं तर तेलकट आहे. आणि वास बघा, नाक धरावं लागतं. उंदीर मेलाय का वर?"

"माती ओली आहे जरा," मी म्हणालो.

"मातीला असा वास येतो होय? तुमच्या बायकोच्या वेळेला कधी एक थेंब आला नाही."

लेक बॅग भरत होती. ती उठली, गॅलरीत गेली आणि मी काही म्हणायच्या आत तिने खुरपं घातलं. पहिल्याच घावाला आंबलेला भात वर आला. मग अंडं. मग पाव, काळा पडलेला. ती एकेक पिशवी उकरत गेली. मी दारात उभा होतो.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "शिजवलेलं घातलंत? मास्तर, मीठ-तेलाने मुळं जळतात हो. मी पुदिना लावला तेव्हा हज्जारदा सांगायची ती मला. कच्चं घाला, शिजवलेलं मातीत घालू नका. तुम्हाला नाही सांगितलं कधी?"

"सांगितलं असेल," मी म्हणालो. ती बोलायची तेव्हा माझं मशीन चालू असायचं.

वहिनींनी लेकीकडे पाहिलं, मग चादरीची घडी घातली आणि खाली गेल्या.

लेकीने हात धुतले. माझ्याजवळ आली, शर्ट वर केला आणि पँटची कंबर उलटून पाहिली. दोरा नवा होता, एवढं तिलाही कळलं.

"म्हणजे इतके दिवस मी तुम्हाला वाढतच नव्हते," ती म्हणाली. "त्या पालकाला वाढत होते."

"तू परत गेली असतीस तर..."

"तर काय? खाल्लं असतंत?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण सवय झाली होती तरी तेव्हा जमलं नाही. मी मान हलवली. नाही.

ती मटकन स्टुलावर बसली आणि लहानपणी रडायची तशी आवाज काढून रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. माझं सगळं आवरायचं होतं तेव्हा तिला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर हाताला तो वास होता. मागे घेतला.

संध्याकाळी आम्ही पिशव्या खाली नेल्या. ती एक कान धरायची, मी एक. इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे रिकाम्या केल्या. मुळं हातात यायची ती तपकिरी, बुळबुळीत. पुदिना सहसा मरत नाही म्हणतात. तोही गेला होता. मी वाकून एखादं हिरवं पान मिळतंय का बघत राहिलो. निदान मूठभर माती ठेवू या का, असं विचारलं.

"वास घ्या आणि मग सांगा," लेक म्हणाली.

मी घेतला. ठेवू या म्हणालो नाही. बायकोच्या हातची राहिली नव्हती ती. मी तिची काहीतरी दुसरीच माती केली होती.

वर आल्यावर लेकीने भात केला, पातळ, आजाऱ्याला करतात तसा. गॅलरीचं दार तिने लावलेलं होतं. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

"तिकिटं काढते उद्याची."

"काढ."

"मशीन न्यायचं का?"

"नको."

मी हात ताटाकडे नेला आणि तसाच राहिलो. आता दुसरीकडे जायला जागा नव्हती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने भात कालवला, घास केला आणि माझ्या तोंडापाशी धरला. मी तो घेतला. छातीपाशी अडकला. पाणी प्यायलो. तो खाली उतरेपर्यंत ती थांबली, मग दुसरा घास धरला आणि मी तोंड उघडलं.