आधी धर्मेंद्र, मग कमलाबाई

बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या ढिगापाशी तानाबाईनं कमलाबाईंचा हात धरला. "मनाले लावून घेऊ नोका बाई. पोरीचे दोन विषय गेले त गेले. पुढच्या टायमाले निघन."

कमलाबाईंची भावना औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकत होती, पण निकाल लागल्याचंसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुले कोनं सांगतलं?"

"आता कोनं म्हनजे? सारेच बोलून राह्यले."

वांगी तिथंच टाकून कमलाबाई तडक धर्मेंद्रच्या दुकानात गेल्या.

२००३ सालची ही गोष्ट. वर्ध्याजवळच्या आंजी गावात इंटरनेट म्हणजे धर्मेंद्रचा एक कम्प्युटर आणि एक टेलिफोन लाइन, तीही दुपारनंतर मान टाकायची. म्हणून त्यानं आपली एक पद्धत पाडली होती. गावातल्या चाळीसेक लोकांचे ईमेल त्यानंच काढून दिले होते आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच, दुकानाचा फोन नंबर. सकाळी लाइन बरी असताना तो एकेकाचा ईमेल उघडायचा, आलेली पत्रं छापायचा, पाकिटात घालून वर नाव लिहायचा. लोक बाजार करता करता पाकीट उचलून न्यायचे. केवढी सोय! शाळेत पोरांच्या खोड्या पाठमोऱ्या ओळखणाऱ्या कमलाबाईंच्याही मनात कधी आलं नाही, की छापणारा वाचतही असेल.

"मॅडम, एटीकेटी भेटते. टेन्शन नोका घेऊ," पाकीट पुढं करत धर्मेंद्र म्हणाला.

पाकीट छान डिंकानं चिकटवलेलं होतं! आत भावनाचं पत्र, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आई, दोन विषय राहिले. फक्त तुला सांगते आहे. कोणाला बोलू नकोस.

कमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू लोकाइचे पत्रं वाचतं काय रे?"

"वाचल्याबिगर प्रिंट कशी काढू? सारे पानं आले का नाई, पाहा लागते. अन् मी कोनाले सांगाले गेलतो काय? तानाबाई इथं बसली होती. तिनं विचारलं, भावनाचं काय आलं. मंग खोटं बोलू काय?"

वर ऐट अशी, की जसं काही उपकारच केले.

कमलाबाईंचे वडील लहानूजी सांगायचे, त्यांच्या लहानपणी घरी पत्र आलं की दुकानदाराकडून वाचून घ्यावं लागे. तो आधी मनातल्या मनात वाचून हसायचा, मग वाटेल तेवढंच मोठ्यानं सांगायचा. त्या हसण्याच्या रागानं लहानूजींनी पोरीला शाळेत घातलं. आपलं पत्र आपन वाचाचं, म्हणाले. आणि तीच पोर मास्तरीण होऊन दुसऱ्यानं वाचलेलं पाकीट हातात घेऊन उभी होती. कमलाबाईंना धर्मेंद्रचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

संध्याकाळी भावनाचा फोन आला. "मामीनं समजूत घालाले फोन केलता. आई, तुह्या तोंडात तीळ नाई भिजत काय? तुले एकटीले सांगतलं होतं मी. आता काईच लिहिनार नाई." कमलाबाई 'अवं, ऐक त' म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला.

रविवारी त्या वर्ध्याला गेल्या. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत रक्षा नावाची मुलगी बसायची. तिनं दुसऱ्या कंपनीचा नवा ईमेल कसा काढायचा ते दाखवलं, पण कळफलकाला हात लावला नाही. "तुमीच करा, काकू." पासवर्ड टाकायची वेळ आली तशी ती तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभी राहिली. एवढ्याशा गोष्टीनं कमलाबाईंचे डोळे भरून आले.

मग त्यांनी जुन्या ईमेलच्या पेटीतली भावनाची त्रेसष्ट पत्रं एकेक करून नव्या पेटीत पाठवली. भावनालाही नव्या पत्त्यावरून चार ओळी लिहिल्या.

"आता जुना पासवर्ड बदलवून टाका," रक्षा म्हणाली. "मंग तो घुसूच नाई शकत."

"थांब. अजून एक पत्र टाकाचं हाये."

ते त्यांनी स्वतःच्याच जुन्या पत्त्यावर टाकलं. 'धर्मेंद्र लोकांची पत्रं वाचून गावभर करतो. तो लाज सोडलेला माणूस आहे आणि त्याच्यावर भरवसा ठेवणारे आम्ही मूर्ख.'

त्यानंतर भावनाचा फोनही आला नाही. कमलाबाई धर्मेंद्रच्या दुकानाकडं फिरकल्या नाहीत.

पुढच्या बाजारी खाई त्याला खवखवे, तसा धर्मेंद्रच भर गर्दीत त्यांच्यासमोर उभा राहिला. "मॅडम, तुमची एवढी सेवा केली, अन् तुमी मले लाज सोडलेला म्हनता?"

"मी? कवा म्हटलं?"

"लिहिलं ना तुमी मेलमध्ये!"

"कोनाले लिहिलं?"

धर्मेंद्र मागं सरून दुकानाकडं वळला.

"मी मलेच लिहिलं," कमलाबाई साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाकीट त अजून तुह्याच दुकानात पडलं हाये. मंग तुले कसं समजलं?"

तानाबाईच्या हातची पिशवी खाली आली. दुसऱ्यांच्या पत्रांची गोडी तिला आजवर फार होती. "म्हनजे माह्या पोराचे, योगेंद्राचे बी वाचतं काय रे, मेल्या?"

मग बाजारातली माणसं धर्मेंद्रच्या दुकानाकडं वळली, आणि तिथं त्याला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. रविवारी कमलाबाईंनी वर्ध्याला जाऊन जुना पासवर्ड बदलला. सोबत तानाबाईही होती. तिचा बदलताना कमलाबाई भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या.

ही बातमी मामीच्याच तोंडून औरंगाबादेत पोचली, आणि नव्या पेटीत भावनाचं पहिलं पत्र आलं. 'आई, मी तुला उगाच बोलले. आता सगळं लिहीन. नवीन पासवर्ड काय ठेवलास गं?'

कमलाबाईंनी एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं. 'तुलाही नाही सांगणार.'