बेचाळिसावा फोल्डर

केलेलं काम सर्व्हरवर चढवायला लोक विसरतात, हे नुसतं ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. म्हणून तर मी तीन वर्षं खपून ‘पहारेकरी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करायची, की लॅपटॉपवरचे सगळे रेपो, म्हणजे कोडचे फोल्डर, एकेका ओळीत हजर. काम सर्व्हरवर चढलेलं असलं तर ओळ हिरवी, राहिलेलं असलं तर लाल. मागितला तरी मी तो कुणाला द्यायचे नाही. ‘अजून पक्का झाला नाही,’ म्हणायचे, आणि वर माझा हिरवा पडदा दाखवून उपदेश पाजायचे.

मंगळवारी माझा जुना लॅपटॉप पुसायचा, म्हणजे त्यातलं सगळं कायमचं मिटवायचं होतं. ते काम मामांचं. मामा म्हणजे आमच्या ऑफिसातली मशिनं सांभाळणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. मी त्यांच्या टेबलावर ऐटीत पहारेकरी चालवून दाखवला. वरपासून खालपर्यंत हिरवंगार!

“पुसा बिनधास्त.”

मामांनी पडद्यावर बोट टेकवलं. “एक, दोन, तीन…”

“अहो मामा, तो तपासतोय ना सगळं! तुम्ही कशाला?”

“ओळी एकेचाळीस,” ते म्हणाले. मग लॅपटॉपवरच्या फोल्डरांची यादी उघडून पुन्हा एकपासून सुरुवात. माझा पारा चढत होता. “फोल्डर बेचाळीस आहेत गं.”

“चुकलं असेल तुमचं. सरका, मीच पुसते!”

मामांनी लॅपटॉप उचलून सरळ छातीशी धरला. “आधी बेचाळिसावा कुठला ते सांग.”

मी धुसफुसत नावं जुळवत गेले, आणि शेवटच्या नावाशी अडले. तो फोल्डर खुद्द पहारेकरीचा होता. त्यात रोज काही ना काही अर्धवट असायचं, ती एकटी लाल ओळ डोळ्यांत खुपायची, म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्याला यादीतून वगळलं होतं. सर्व्हरवर तो एकदाही चढवला नव्हता. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

वगळायची सूचना खोडून मी पुन्हा कमांड दिली. एकेचाळीस हिरव्या, एक लाल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सर्व्हरवर चढवलं, तेव्हा कुठे तीही हिरवी झाली.

“पुसू आता?” मामांनी विचारलं.

“थांबा,” मी म्हटलं. “एकदा मोजा ना.”