उरलेली बिअर

हेल्वीने गोळी काउकोच्या तळहातावर ठेवली, त्याने ती गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे पाहिलं, आणि तासाभराने स्वतःच्या हाताने त्याच्या ग्लासात बिअर ओतली. लग्न झाल्यापासून नवऱ्याला तिने कधी दारू ओतून दिली नव्हती. पण दवाखान्यात बजावलं होतं, पिणं बंद करू नका, गोळी घेऊन प्या. औषध खरं असेल तर दारूतली मजाच हळूहळू जाईल. खरं असेल तर! औषधाच्या चाचणीतल्या निम्म्या लोकांना नुसत्या पिठाच्या गोळ्या होत्या, आणि कोणाला काय मिळतंय हे नर्सलाही ठाऊक नव्हतं.

आज युहान्नुस, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांचा सण. तळ्याकाठी लाकडं रचून झाली होती आणि ऊन मावळायचं नाव घेत नव्हतं. गेल्या सणाला काउको होडीतून पाण्यात पडला, तेव्हा शेजारच्या रेइनोने त्याला केसांना धरून वर ओढलं होतं.

"हेही नाही चाललं," काउको सकाळी म्हणाला होता, "तर मी पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही."

रेइनोची होडी धक्क्याजवळून गेली.

"काय रे, डॉक्टरच्या हुकुमावरून पितोस म्हणे! माझंही नाव घाल की!"

"तुझ्यावर औषध वाया जाईल!" काउको ओरडला. हेल्वीला हसू आलं नाही.

मग तो वाफेच्या न्हाणीत, सौनात, लाकडं सारायला गेला. हेल्वीने मासळीच्या, बटाट्याच्या ताटल्या गोळा केल्या, अर्धा ग्लास उरला होता तो उचलला आणि गवतात रिकामा केला. बिअर जमिनीत मुरली, तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय केलं ते. गोळी खरी असल्याची तेवढीच तर खूण होती.

काउको परतला. रिकाम्या ग्लासाकडे पाहत उभा राहिला.

"संपवली वाटतं मी. म्हणजे पीठच."

"मी गवतात ओतली, काउको. अर्धी उरली होती. देवाशप्पथ."

"राहू दे गं. इतकी वर्षं माझ्या बाटल्या मोरीत रिकाम्या करायचीस आणि विचारलं की म्हणायचीस, तूच संपवलीस. आज उलटं सांगतेस?"

ते खरंच होतं. तिला भयंकर भीती वाटली. ती आत गेली, दुसरी बाटली घेऊन आली, ग्लास काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले.

"आता मी हात लावणार नाही. पी."

त्याने एक घोट घेतला. पलीकडच्या काठावर होळी पेटली, लोक ओरडले. तो ग्लासाकडे बघत राहिला.

"सौना थंड होईल," तो शेवटी म्हणाला आणि उठला. दारातून त्याने विचारलं, "येतेस ना?"

"तू हो पुढे."

दार लागलं. हातांना मुंग्या आल्या होत्या, तरी तो परत येऊन तसाच राहिलेला ग्लास बघेपर्यंत ते बाहेर काढायची तिची छाती होत नव्हती.