बसमधली कानातली

माझ्या भाचीचं, मारिउक्सीचं, रोजचं एकच टुमणं. "मावशी, कानातल्यांचे फोटो काढून फोनवर टाकू. फुकटात जाहिरात, घरबसल्या गिऱ्हाईक! कशाला बसमध्ये धक्के खातेस?" अगं, फोनवर गिऱ्हाइकाला कानातली दिसतात, पण मला गिऱ्हाईक कुठे दिसतं? हे तिला कोण सांगणार!

ताग्वा ताडाची कठीण बी मीच कापते, घासते, रंगवते. वाळली की हस्तिदंताने लाजावं अशी. तिची कानातली खपवायला मला दुकान लागत नाही. सोसोतेला राजधानीच्या, कीतोच्या बसमध्ये चढायचं, तोसाग्वाला उतरायचं. विल्फ्रिदो ड्रायव्हरच्या बायकोच्या कानात माझीच फुलं, म्हणून तिकीट माफ. चढल्या चढल्या न विचारता प्रत्येकाच्या मांडीवर एकेक जोड ठेवत शेवटपर्यंत जायचं, पुढे येऊन भाषण ठोकायचं, मग पैसे नाहीतर जोड गोळा करायचे. वस्तू मांडीवर आली की हात तिच्याकडे जातोच. ठेवताना मात्र कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस अवघडतो आणि माल परत येतो.

खरं सांगू? ही बस मी धरली ती येसेनियासाठी. माझी एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी मला न आवडलेल्या माणसाचा हात धरून याच बसने गेली. मी नाही नाही ते बोलले होते. त्यानंतर फोन नाही की निरोप नाही. कधी आलीच तर याच रस्त्याने येईल-जाईल, एवढीच आशा. जोड गोळा करताना मी एकेक चेहरा न्याहाळत जायचे. शेवटच्या बाकापर्यंत ती नाही म्हटलं की उरलेले जोड मोजायला घ्यायचे.

आणि भाषणात काय सांगायचे? "भावांनो, बहिणींनो, प्रवासात त्रास देते, माफ करा. देवाने माझी एकुलती एक लेक नेली. आता या हातांशिवाय मला कुणी नाही." द्या शिव्या, खुशाल द्या. पण मेलेल्या लेकीवर माल खपतो, रुसलेल्या लेकीवर कुणी कवडी काढत नाही.

गुरुवारी भाषण चांगलंच रंगलं. पहिल्या बाकावरच्या जाड्या बाईने डोळे पुसले. गोळा करत मी मागे मागे आले. खिडकीशी एक चारेक वर्षांची पोर बसलेली, आणि तिच्या शेजारी येसेनिया. हातात मीच ठेवलेला हिरवा जोड.

केवढी वाळली होती! मला तिच्या गालाला हात लावायचा होता. हातच उचलेना.

"किती झाले, मावशी?" ती म्हणाली.

मावशी! पोटच्या पोरीने!

"येसे, अगं ते नुसतं विकण्यापुरतं बोलते गं मी."

"घ्या." तिने नाणी पुढे केली. "सकाळी घरी गेले होते. कुलूप. हिला आजी दाखवायची होती, तासभर पायरीवर बसलो. बरं झालं, कळलं तरी."

"आई, ह्या कोण?" पोरीने विचारलं.

"कानातली विकणाऱ्या बाई."

तेवढ्यात विल्फ्रिदो ओरडला, "दिग्नाबाई, तोसाग्वा आलं! उतरा लवकर, मागे गाड्या खोळंबल्यात!"

मी पुढे गेले. दार उघडं होतं. मी उतरले नाही, प्रवाशांकडे तोंड केलं.

"भावांनो, बहिणींनो, मी खोटं बोलले. माझी लेक जिवंत आहे. मीच तिला 'तू मला मेलीस' म्हणाले होते, आणि ते रोज विकून खाल्लं. ती या बसमध्ये आहे. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी घ्या."

"अगं सटवे! आणि मी रडले की गं!" जाडी बाई किंचाळली. दोन-तीन जोड अंगावर आले. एकाने 'चोरटी' म्हटलं. म्हणू दे. मी पैसे परत देत गेले.

"उतरताय ना?" विल्फ्रिदोने विचारलं.

"दार लाव आणि चालव मुकाट्याने."

येसेनियाने माझ्याकडे बघितलं नाही. मग तिने पोरीला उचलून मांडीवर घेतलं आणि ती खिडकीकडे सरकली.

कीतो अजून सात तासांवर होतं. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.