कोरड्या तलावातलं कार्यालय

पुरात घरं गेलेल्यांना नवी घरं द्यायला सरकारने वर्षभरापुरतं एक कार्यालय काढलं, आणि जागा कुठेच मिळेना म्हणून ते पोहण्याच्या रिकाम्या तलावात थाटलं. उथळ बाजूला साहेब, खोल बाजूला आम्ही दोघी: मी पाणीपुरवठ्यातून उसनी आणलेली, दुसरी करवसुलीतून. साहेबांची पेन्सिल पडली की घरंगळत आमच्याकडे यायची. तक्रारींचंही तसंच. निळ्या फरश्यांत आवाज असा घुमायचा की कुणी नुसतं शिंकलं तरी सभा भरल्यासारखी वाटे.

शेवटच्या दिवशी एकच सुनावणी उरली. एका आजींना शहराच्या या टोकाला घर मिळालं होतं, त्यांच्या आंधळ्या धाकट्या बहिणीला त्या टोकाला. शेजारी घरं मिळावीत म्हणून दोघींनी मिळून अर्ज केला होता. उद्यापासून तो अधिकार कुणाकडेच राहणार नव्हता. शिवाय नियम असा, की आम्ही तिघांनी कार्यालयातच, अर्जदारांना समोर बसवून निर्णय द्यायचा.

दोघी बहिणी काठावर आल्या आणि नळ सुटले. तलाववाल्यांच्या हिशेबी आम्ही सकाळीच संपलो होतो.

"अहो, आम्ही आहोत अजून!" साहेब ओरडले.

"नळाची चावी अडकलीय, बंद होत नाही!" वरून उत्तर आलं. "तुम्ही उरका तोवर."

खोल बाजू भरू लागली. वर्षात पहिल्यांदाच आम्ही खुर्च्या उचलून साहेबांच्या पंक्तीला बसलो. पाणी सावकाश, पाहुण्यासारखं, मागोमाग आलं. टेबलांच्या सावल्या हलू लागल्या. छतावर उजेडाची जाळी पसरली.

थोरल्या आजी थिजल्या. पुरात दोन रात्री त्या छपरावर होत्या. "मी नाही बाई उतरायची. राहू दे ते घर."

धाकटीने चपला काढल्या, काठीने पायरी चाचपली आणि सरळ उतरू लागली.

"अगं ए! कुठे निघालीस?"

"सुनावणीला. तू बस वर. पडले तर पडले, मला कुठे दिसतंय?"

"लहानपणापासून अशीच नाटकी!" म्हणत थोरल्या धावल्या आणि तिचा दंड धरून घोटाभर पाण्यात उतरल्या.

त्या बसल्यावर साहेबांनी रीतसर विचारलं, "बहिणीशेजारचं घर हवं?"

"आधी हिला बाहेर काढा."

"मग निर्णय होत नाही, आजी."

"मग हो! हो म्हणते! आटपा!"

आम्ही तिघांनी हो म्हटलं. ते हो बराच वेळ भिंतींवरून फिरत राहिलं.

धाकटीने पाण्यात पाय हलवले. "छान गार आहे गं. बसू या की जरा."

थोरल्यांनी डोळे घट्ट मिटले, तिचा हात दोन्ही हातांत धरला. पण उठल्या नाहीत.