कंटाळली की दमली?

मित्रांनो, मला उचलायला दोन्ही हात लागतात. एका हाताने ओढलेत तर माझी पाठ निखळेल आणि निम्मी पाने तुमच्या पायांवर पडतील. मी इंग्रजी शब्दांचे चिनी अर्थ सांगणारा शब्दकोश आहे, आणि आता बराच थकलो आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, मुंगीएवढी अक्षरे आणि वर निळ्या कापडाची बांधणी. बांधणाऱ्या कारागिराने शेवटची गाठ मारली, माझ्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाला, "जा, आता जन्मभर लोकांच्या चुका निस्तर." ती थाप मला आशीर्वादासारखी वाटली.

तिथून मी एका भाषांतराच्या कचेरीत आलो. कचेरी वरच्या मजल्यावर होती आणि खाली सायकलदुरुस्तीचे दुकान. हवा भरण्याचा फुस्सफुस्स आवाज दिवसभर वर येई. खिडकीपाशी एक बाई बसत. शिलाई यंत्रे, पाण्याचे पंप, वजनकाटे यांच्यासोबत येणारी माहितीपुस्तके त्या इंग्रजीतून चिनीत नेत. कचेरीत त्यांना सगळे 'बाई' म्हणत. मी मात्र मनातल्या मनात 'माझ्या बाई' म्हणे.

तुम्हाला वाटेल, बाई मला लांबलचक शब्दांसाठी उघडत असतील. छे! लांब शब्द एकदा पाहिला की झाले. बाईंचा अंगठा पडे तो 'इन', 'ऑन', 'फॉर' असल्या चिमुकल्या शब्दांवर. तुमच्या व्याकरणात शब्दयोगी अव्यये असतात ना, त्यांचे हे लांबचे भाऊबंद. दिसायला एवढेसे, पण एकाच जागी बसतील तर शपथ! इंग्रजीत बातमी वर्तमानपत्रात असते, चिनीत ती वर्तमानपत्रावर जाऊन बसते. इंग्रजीत माणसे फोनवर बोलतात, चिनीत फोनमध्ये. इंग्रजीत उन्हात बसलेली आजी चिनीत उन्हाखाली बसते. आणि कोणी कोणासाठी थांबले असेल, तर त्यातला 'साठी' चिनीत चक्क नाहीसा होतो. 'वाट पाहणे' आणि 'तू' हे दोन शब्द एकमेकांना खेटून बसतात, मध्ये काही उरतच नाही.

एकदा साहेब वैतागून म्हणाले, "अहो बाई, एवढ्याशा शब्दावर अख्खी सकाळ?"

"साहेब, मोठी माणसं सरळ असतात हो," बाई म्हणाल्या. "घर डोक्यावर घेतात ती चिल्लीपिल्लीच."

साहेब हसत निघून गेले. बाईंनी माझे पान अलगद उलटले. त्या अंगठ्याने ती पाने काळपट झाली. माझ्या अंगावर याहून मोठा दागिना नाही.

मग एके दिवशी समोरच्या गल्लीत चष्म्यांचे दुकान चालवणारे आजोबा जिना चढून वर आले. ते तरुणपणी चीनमधून इथे आले होते आणि इथलेच झाले होते. भांडणात त्यांची बायको तान्ह्या लेकीला घेऊन दूर देशी भावाकडे निघून गेली होती. आजोबांनी मानापायी तिला कधी बोलावले नाही. लेक तिकडेच वाढली. तिला इंग्रजीखेरीज काही येत नव्हते. आई वारल्यावर तिने बापाच्या दुकानाचा नंबर शोधून काढला होता, पण फोनवर दोघे नुसतेच एकमेकांचा श्वास ऐकत बसले होते. आमच्या दोघांत दुभाषी व्हाल का, असे विचारायला आजोबा बाईंकडे आले होते.

"आजोबा, तुम्ही आमची भाषा इतकी छान बोलता," बाई म्हणाल्या. "मी तिचं बोलणं याच भाषेत सांगितलं तर?"

आजोबांनी मान हलवली. "ही मला दुकानापुरती येते हो. काच, काडी, नंबर. लेकीचं बोलणं मला माझ्या आईच्या भाषेत ऐकायचंय."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी, बंद कचेरीत, बाई फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवत. एका बाजूला आजोबा, एका बाजूला मी. लेक तिकडे बस चालवत असे. हे ऐकून आजोबा कितीतरी वेळ बाईंना विचारत राहिले, "एवढी मोठी बस? ती चालवते?" लेक दर वेळी विचारी, तुम्ही कधी येणार? आजोबा दर वेळी काहीतरी निमित्त काढत. दुकान कोण बघेल, थंडी फार असेल. खरे तर ते घाबरले होते. जिला कडेवर घेतले नाही, तिच्या दारात कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

एका रविवारी फोनमध्ये फार खरखर होती. लेक एक वाक्य बोलली. बाईंनी ते लगेच चिनीत सांगितले, वाट पाहून ती कंटाळली.

आजोबांचा चेहरा उतरला. ते उठले, टोपी घातली. "बरोबर आहे तिचं. ठेवा फोन."

बाईंचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. "आजोबा, जरा बसा." त्यांनी लेकीला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले आणि मला ओढून घेतले. 'टायर्ड' या शब्दामागे 'ऑफ' आला तर अर्थ कंटाळणे, 'फ्रॉम' आला तर दमणे. खरखरीत बाईंनी 'ऑफ' ऐकले होते. लेक 'फ्रॉम' म्हणाली होती. चिनीतही तेवढाच फरक, एका अक्षराचा.

"आजोबा, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "ती कंटाळली नाही. दमलीय. कंटाळलेला माणूस उठून जातो हो. दमलेला तिथंच बसून राहतो."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग आपल्या आईच्या भाषेत ते म्हणाले, "तिला सांगा, बस तशीच. मी येतो."

आणि ते खरेच गेले. जाताना बाईंनी मला त्यांच्यापुढे धरले. त्यांनी मला हातात तोलले आणि परत दिले. "हा माझ्याहून जड आहे. तुमच्याकडेच शोभतो."

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सकाळी तिच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसतो. शेवटच्या थांब्यापर्यंत जातो, परत येतो. बोलणं फार होत नाही. पण आता कोणी कोणाची वाट पाहत नाही."

"म्हणजे आमची गरज संपली!" बाई हसल्या आणि पदराने डोळे पुसले. पुढच्या रविवारी त्या सवयीने कचेरीत आल्या, मला उघडून बसल्या. फोन वाजला नाही.

दिवस पालटले. कचेरी बंद झाली, बाईंनी मला घरी नेले. त्यांची नजर अधू झाली. भाचीने त्यांना बोलता फोन आणून दिला. विचारायचा अवकाश, तो अर्थ सांगून मोकळा! त्याच्यावर माझा राग नाही. पण बाई मला मांडीवर घेऊन, न वाचताच पाने चाळत, तेवढ्यावर मी दिवस काढत असे. मग त्या भाचीकडे राहायला गेल्या. तिथे जागा कमी, म्हणून मी या वाचनालयात आलो. दार उघडले की अजून मला वाटते, त्याच असतील.

मित्रांनो, माझी पाने थुंकी लावून उलटू नका, कोपरे दुमडू नका. आणि कोणाचे बोलणे मनाला लागले, तर उठून जाण्याआधी एकदा पुन्हा विचारा, नक्की काय म्हणालास? मी सगळ्यांत खालच्या फळीवर आहे. थोडे वाकावे लागेल, इतकेच.