उजेडातला पिवळा

“तुम्ही माझ्या भावाला पाहिलंच नाहीत, डॉक्टर. नुसती चिठ्ठी खरडलीत,” तिने टेबलावर हात आपटला. पेनांचा पेला आडवा झाला. “म्हणे गॅस झालाय. गोळ्या देऊन पिटाळलंत त्याला. डोळे कशासाठी दिलेत?”

डॉक्टर पेनं गोळा करत राहिले. शेजारच्या खुर्चीत भावजय मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

“मी तपासलं तेव्हा कावीळ नव्हती,” ते म्हणाले. “आता पित्ताच्या नळीत खडा अडकलाय आणि जंतू रक्तात पसरलेत. पिवळेपणा दिसताच परत आले असते तर खडा काढून घरी पाठवलं असतं. आता काही सांगता येत नाही. अंग पिवळं कधीपासून दिसत होतं?”

“मला काल दिसलं. दारात उभे होते तेव्हा,” भावजय म्हणाली. “मी कामावरून येते तेव्हा अंधार पडलेला असतो. घरात पिवळा बल्ब.”

“त्या बल्बखाली कळणार नाही. दिवसाउजेडी कोण असायचं त्यांच्याजवळ?”

मघाशी हात आपटणारी बहीण खाली बघू लागली. नखात हिरवा रंग अडकला होता. तो ती दुसऱ्या नखाने कोरू लागली.

ती वेलीफुलांची चित्रं रंगवायची. वेल कापून पाण्यात ठेवली की मान टाकते. म्हणून काम सुटलेला भाऊ दुपारी येऊन तिच्या खिडकीपाशी फांदी धरून बसायचा. “फुलदाणीला चहा मिळेल का?” म्हणायचा. फुलं पिवळीधमक. पहिल्यांदा त्याचा तळहात पिवळा दिसला तेव्हा ती म्हणाली होती, “फुलांचा रंग पडलाय तुझ्यावर.” पडतो तसा. शिकायला येणाऱ्यांना ती हेच तर सांगायची: माहीत आहे ते रंगवू नका, दिसतंय ते रंगवा.

मग वेलीवरची फुलं गळून गेली. नव्याने कापलेल्या फांदीवर नुसत्या हिरव्या शेंगा राहिल्या. आणि हात तसाच पिवळा.

तेव्हा तिचा कुंचला थांबला होता. थांबलाच होता, उगाच कशाला खोटं बोला. पण कागदावरचा ओला हिरवा वाळत चालला होता, कडेला डाग धरला असता, आणि शेंगा उद्यापर्यंत टिकणाऱ्या नव्हत्या. तिने उठून त्याच्या हाताला पांढरा रुमाल गुंडाळला. शेजारच्या त्या पिवळ्यामुळे तिला हिरव्याचा अंदाज येईना.

“एवढी लाज वाटते होय माझी?” तो हसला होता.

“गप बस. हलू नकोस.”

शेंगा फार सुरेख उतरल्या.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं. तेवढ्यात नर्सने दारातून हाक मारली आणि ते घाईने वॉर्डकडे गेले.

“यांच्यावर तक्रारच करायला हवी,” ती उठत म्हणाली. आवाज मघासारखा चढला नाही. “सोडायचं नाही यांना.”

भावजय जागची हलली नाही.

“ताई, दुपारी ते तुमच्याकडेच असायचे.”

“अगं, ती फुलं इतकी पिवळी होती, की...”

“मी फुलांचं विचारत नाहीये.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत भावजय थांबली.

“तुम्हाला दिसलं होतं का? हो की नाही, तेवढंच सांगा.”